बॅक प्रेशर 'लागतं' का? निष्कास, उपसा आणि गाडीचा पाइप

प्रश्न असा आला आहे: "स्विफ्टच्या वर्गातल्या बाराशे सीसी पेट्रोल गाडीला फ्री फ्लो (कमी अडथळ्याचा) एक्झॉस्ट बसवायचा आहे. मेस्त्री म्हणतो, इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतंच, नाहीतर पिकअप मरतो. बॅक प्रेशरला मराठीत 'प्रतिदाब' म्हणावं का? आणि एक्झॉस्टला 'निष्कास' म्हणतात, ते बरोबर आहे का?"

प्रतिदाब चालेल. पाठदाब म्हटलं तरी कोणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या क्रियापदात. 'लागतंच'! पुण्यापासून नांदेडपर्यंत कुठल्याही गॅरेजात हे वाक्य ऐकू येतं आणि हल्ली व्हिडिओ करणारेही छातीठोकपणे तेच सांगतात. पाइपात उलटा दाब वाढला की धूर बाहेर घालवायला पिस्टनला जास्त जोर लावावा लागतो आणि तेवढी ताकद चाकांना कमी मिळते. ही इंजिनाची गरज कशी होईल? मोठा पाइप टाकल्यावर खालचा पिकअप मरतो हे मात्र खरं. मेस्त्रीने पाहिलेलं बरोबर आहे, त्याने लावलेलं कारण चूक आहे. खरं कारण 'एक्झॉस्ट' या शब्दाच्याच पोटात आहे. मफलर गळ्यातला की गाडीचा, सायलेन्सर आवाज कमी करतो की वाढवतो, या विनोदांवर मी वेळ घालवत नाही.

लॅटिनमध्ये 'हाउरीरे' म्हणजे पाणी शेंदणे, उपसणे. त्याला बाहेरचा अर्थ देणारा 'एक्स' हा उपसर्ग लागला की उपसून रिकामं करणे. इंग्रजीने सोळाव्या शतकात हे क्रियापद घेतलं आणि पाणी, पैसा, ताकद असं काहीही उपसून संपवण्यासाठी वापरलं. इंजिनाशी त्याची गाठ पडली ती वाफेच्या जमान्यात. म्हणजे मुळात या शब्दात ढकलणं नाही, ओढणं आहे. याला आपल्याकडे विहिरीवरचा, रोजच्या वापरातला शब्द तयार आहे: उपसणे. गाळ उपसतात, वाळू उपसतात (बहुधा रात्रीच), म्यानातून तलवार उपसतात. आणि कष्ट उपसतात! इंग्रज दमला की 'एक्झॉस्टेड' होतो, मराठी माणूस दमतो तो कष्ट उपसून. फरक इतकाच की तिकडे माणूसच उपसला जातो, इकडे तो उपसणारा असतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता दमणुकीसाठी उपसण्याचंच क्रियापद निवडावं, ही गोष्ट मला कुठल्याही कोशातल्या नोंदीपेक्षा मोलाची वाटते. आणि फोडणीचा धूर झाला की "एक्झॉस्ट लाव" म्हणतो तेव्हा आपण पंखाच म्हणत असतो. तो पंखा स्वयंपाकघरातली हवा ओढूनच बाहेर टाकतो. अर्थ आपल्याला ठाऊक होता, फक्त गाडीकडे वळलो की आपण तो विसरतो.

आता 'निष्कास'. संस्कृतात 'निष्कासयति' म्हणजे हाकलून देतो, बाहेर घालवतो. परिभाषेच्या पुस्तकांतून हा शब्द आला आणि निष्कास झडप, निष्कास नळी अशी त्याची पिलावळ झाली. शब्द घडीव आहे, उच्चारायलाही सोपा आहे. पण तो ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर फक्त पिस्टन असणार, पाइप नसणार. कारण हाकलण्याचं काम पिस्टन करतो आणि ते अर्धवट करतो. हिशेब मांडून पाहा. ११९७ सीसीच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला २९९ सीसी येतात. मिश्रण दाबण्याचं प्रमाण, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो, ११ला १ असेल तर पिस्टन अगदी वर टेकला तरी त्याच्या डोक्यावर सुमारे ३० सीसी जागा उरते. त्या जागेतला जळका धूर पिस्टन कितीही नेटाने हाकलू दे, तिथे तो पोचतच नाही. हे ३० सीसी निष्कासाने निघत नाहीत, ते उपसावे लागतात. आणि उपसतो पाइप. 'उपसा' हा शब्द 'गावठी' वाटतो, 'वायूसाठी शोभत नाही' अशी कुरकुर करणाऱ्यांनी आधी हे ३० सीसी निष्कासित करून दाखवावेत.

पाइप उपसतो कसा? एक्झॉस्टची झडप पिस्टन तळाला पोचायच्या आधीच उघडते, समजा ५० अंश आधी. आत अजून काही बार दाब असतो, त्यामुळे धुराचा पहिला लोंढा धक्क्यासारखा पाइपात शिरतो. तो धक्का गरम वायूत सेकंदाला साधारण ५५० मीटर वेगाने धावतो. पाइप जिथे एकदम रुंद होतो, म्हणजे चार नळ्या एकत्र येतात त्या कलेक्टरपाशी, तिथून तो उलटून येतो आणि उलटताना त्याचं चिन्ह बदलतं: गेला दाब म्हणून, परत येतो ओढ म्हणून. ७५ सेंटिमीटरची नळी असेल तर जाऊन यायला पावणेतीन मिलिसेकंद. शिवाय पुढे पळणाऱ्या लोंढ्याच्या मागे पोकळी राहते, तीही ओढते. इनलेट आणि एक्झॉस्ट या दोन्ही झडपा क्षणभर एकत्र उघड्या असतात, त्या वेळी ही ओढ हजर असली तर उरलेले ३० सीसी निघतात आणि त्यांच्या मागोमाग ताजं मिश्रण, पिस्टन खाली जायला लागायच्या आधीच, आत सरकायला लागतं. चांगल्या हेडरची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी देऊन त्या पुढे एकत्र करणाऱ्या जोडणीची, सगळी किमया एवढीच.

इंग्रजीत याला स्कॅव्हेंजिंग म्हणतात. या शब्दाचा उगम लंडनमध्ये परक्या व्यापाऱ्यांच्या मालावर 'स्कॅव्हेज' नावाची जकात घेणाऱ्या माणसाकडे जातो. पुढे त्याच माणसाकडे रस्ते झाडून घेण्याचं काम आलं आणि जकातदाराचा झाडूवाला झाला. मराठीत कोणी यासाठी 'संमार्जन' सुचवतं. म्हणजे इंजिनात सडासंमार्जन! उपसा म्हणा आणि मोकळे व्हा.

हे पटलं की मेस्त्रीचं कोडं सुटतं. ओढ वेगावर जगते. पाइप गरजेपेक्षा रुंद केला की कमी आरपीएमला धूर रेंगाळतो, थंड होतो, लोंढ्यातला जोर जातो आणि उपसा थांबतो. दीड इंच आतल्या व्यासाच्या जागी दोन इंची टाकला तर तेवढाच धूर ५६ टक्के वेगाने जातो. पिकअप मेला तो वेग गेल्यामुळे. त्याच वेळी दाबही कमी झालेला असतो, म्हणून बिचाऱ्या दाबाचं नाव पुढे येतं. टर्बो गाडीत तर ही गफलत लगेच उघडी पडते. तिथे टर्बाइन, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारं चाक, या लाटा बऱ्याचशा मोडून टाकतं, म्हणून टर्बाइननंतरचा पाइप, म्हणजे डाउनपाइप, जितका मोकळा तितकं बरं आणि तो रुंद केल्यावर गाडी सुधारते. बॅक प्रेशर 'लागत' असतं तर टर्बो गाड्या आधी रुसल्या असत्या.

पाइप पुरतो की नाही हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. कॅटच्या, म्हणजे धुरातली घाण कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढा. त्याचे आटे एम-१८ × १.५ असतात. तिथे अडॅप्टर बसवा, मीटरभर तांब्याची नळी लावा, नाहीतर गरम धुराने मीटर जळेल, आणि शून्य ते १५ पीएसआयचा मीटर जोडा. उभ्या गाडीत २५०० आरपीएमला काटा ३ पीएसआयच्या वर गेला तर कॅट चोंदला आहे, नवा सायलेन्सर घेऊन उपयोग नाही. पूर्ण थ्रॉटलला, चढावर, वरच्या आरपीएमला काटा दोनच्या आत राहत असेल तर मूळ पाइप पुरेसा आहे. पैसे टायरला घाला.

व्यासासाठी एक जुना ढोबळ हिशेब अजून कामाला येतो. एका अश्वशक्तीमागे मिनिटाला २.२ घनफूट हवा आणि एका चौरस इंच पाइपातून मिनिटाला ११५ घनफूट. ९० अश्वशक्तीला १९८ घनफूट, म्हणजे १.७२ चौरस इंच, म्हणजे आतून जेमतेम दीड इंच. पावणेदोनच्या पुढे जायचं कारण नाही. दुकानात तरीही अडीच इंची दाखवतात, कारण मागून तो दिसतो छान.

हेडरच्या नळीची लांबी अशी काढतात: १८० मध्ये झडपेचे ते ५० अंश मिळवा, २३० आले. त्याला ८५० ने गुणा, हव्या त्या आरपीएमने भागा, ३ वजा करा, उत्तर इंचांत. ६००० आरपीएमला ३० इंच येतात, ४५०० ला ४०. शहरात चालवणाऱ्याला लांब नळ्या हव्यात, म्हणून ४-२-१ हेडर बरा, म्हणजे चार नळ्यांच्या आधी दोन, मग एक. चारांची थेट एक करणारा ४-१ वरच्या टोकाला जास्त देतो आणि मधे उपाशी ठेवतो. ४-२-१ मध्ये जोड्या कशा बांधल्या ते वाकून बघा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ असेल तर १ आणि ४ एकत्र, २ आणि ३ एकत्र. जागा नाही म्हणून १ आणि ३ जोडले की एकाचा धक्का दुसऱ्याच्या उघड्या झडपेत शिरतो आणि उपसा उलटा होतो.

मात्र आजच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत कॅट मॅनिफोल्डलाच, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या भागालाच, चिकटलेला असतो, काहींत तर मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो. पहिल्या प्रकारात हेडर लावायचा तर कॅट खाली सरकवावा लागतो. मग तो उशिरा तापतो आणि थंड गाडी जास्त घाण सोडते. दुसऱ्या प्रकारात हेडरचा विषयच संपला. उरतो तो कॅटच्या मागचा भाग, म्हणजे रेझोनेटर (आवाज मवाळ करणारी छोटी डबी), पाइप आणि सायलेन्सरचा डबा. तेवढं बदलून नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, म्हणजे बिनटर्बो, बाराशे सीसीला दोन-चार टक्क्यांच्या पलीकडे क्वचितच काही मिळतं, आणि ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं, मॅपिंग केलं नाही तर त्यातलंही थोडं हातचं जातं. "वीस अश्वशक्ती वाढेल" म्हणणाऱ्याला आधी डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद मागा, बदलाच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही.

बसवताना फसतं ते बेंडवर. साध्या मशीनवर दाबून वाकवलेला पाइप वळणावर चपटा होतो. दीड इंचाचे पैसे देऊन वळणापाशी सव्वा इंच मिळतो. मॅन्ड्रेल बेंड (आतून आधार देऊन वाकवलेला) मागा, किंवा तयार बेंडचे तुकडे वेल्ड करून घ्या. स्टेनलेस ३०४ गंजत नाही, ४०९ स्वस्त आहे आणि वरून तांबूस होतो तरी टिकतो. लोहचुंबक लावला की ४०९ कळतो, तो चिकटतो. आडव्या बसवलेल्या इंजिनाची गाडी असेल तर जाळीचा फ्लेक्स पाइप कधीही काढू नका. गिअर बदलताना इंजिन पुढेमागे डोलतं, फ्लेक्स नसला की काही महिन्यांत हेडरला वेल्डपाशी चीर जाते.

आणि चीर गेली की उपशाचा पुरावा घरबसल्या मिळतो. पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी, मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून गळती असेल तर सकाळी थंड इंजिनावर टिकटिक ऐकू येते, गरम झालं की लोखंड फुगून ती बंद होते. ही झाली बाहेर जाणाऱ्या धुराची बाजू. पण त्याच फटीतून, दोन धक्क्यांच्या मधे, पाइप बाहेरची हवा आत ओढतो. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला वाटतं मिश्रण पातळ झालं, तो पेट्रोल वाढवतो, अ‍ॅव्हरेज पडतो आणि मेस्त्री इंजेक्टर साफ करत बसतो. पाइप नुसता धूर वाहून नेणारी नळी असता तर ही हवा आत आलीच नसती. निष्कासवाद्यांनी या फटीचं स्पष्टीकरण जरूर द्यावं, मी वाट पाहतो.

फ्री फ्लोसाठी कोणी 'मुक्तप्रवाही' लिहितं. लिहा, पण डब्यात काय आहे ते आधी पाहा. मूळ डब्यात बफल, म्हणजे आडवे पडदे, असतात, धूर कोठ्याकोठ्यांतून वळसे घेत जातो. फ्री फ्लोमध्ये सरळ जाळीदार नळी आणि भोवती काचलोकर. ती लोकर जळून उडाली की आवाज वर्षभरात दुप्पट वाटायला लागतो. महामार्गावर २४०० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनाचे धक्के सेकंदाला ८० पडतात, त्या स्वराला केबिन घुमते, कान दुखतात. त्यावर उपाय म्हणजे मुख्य पाइपाला साधारण १.४ ते १.५ मीटर लांबीची, टोकाला बंद केलेली नळी जोडणे. त्या एकाच स्वराची लाट तिच्यात जाऊन उलटी येते आणि घुमणं मारते. दुकानदार हे सांगत नाही, कारण गाडीखाली दीड मीटर नळी वळवून बसवणं कटकटीचं आहे.

कॅट मात्र काढू नका. मागचा सेन्सर पी०४२० हा कॅटच्या बिघाडाचा कोड देऊन दिवा लावेल, पीयूसीला अडचण येईल, ती वेगळीच. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही. कलम १९०(२) खाली आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० प्रत्येक गाडीला सायलेन्सर हवाच म्हणतो. तिथे 'मफलर' नाही आणि 'निष्कास-शामक' तर मुळीच नाही.