आईचा सत्तरावा वाढदिवस दिवसभर शहरात फिरून साजरा करायचा आहे. दिवस कसा आखू?

तुम्ही लिहिलंय की आईला आता कुठलीही वस्तू नको आहे आणि घरात माणसांची गर्दीही नको. म्हणून तुम्ही दोघंच सकाळी निघून संध्याकाळपर्यंत शहरात फिरणार आहात, आणि यादीत आत्ताच सात ठिकाणं झाली आहेत. त्यातली पाच आजच खोडून टाका. उरलेल्या दोनांपैकी एक ठिकाण असं असू द्या, जिथे आई तिच्या तरुणपणी जात होती.

हे मी अनुभवातून सांगतोय. बाबांच्या एकाहत्तराव्या वाढदिवसाला मी अशीच भरगच्च यादी केली होती. त्यांनी आयुष्यभर आमच्यासाठी धावपळ केली, तेव्हा एका दिवसात त्यांना सगळं शहर दाखवावं अशी माझी तळमळ होती. सकाळी संग्रहालय, मग बाग, मग नव्याने बांधलेला नदीकाठ, पुढे आणखी दोन-तीन. तिसऱ्या ठिकाणी पोचलो तेव्हा बाबा म्हणाले, "तू बघून ये, मी बसतो इथंच." मी दहा मिनिटांनी परत आलो, तर त्यांनी बुटाची नाडी सोडली होती आणि मोजा खाली सरकवला होता. घोट्याभोवती मोज्याच्या रबराचा खोल वळ उमटलेला. मला पाहताच त्यांनी घाईघाईने मोजा वर ओढला आणि विचारलं, "आता कुठं जायचं?" तो दिवस ते माझ्यासाठी रेटत होते. ते आठवलं की आजही गलबलून येतं.

चालण्याचा हिशेब नीट समजून घ्या. ब्रिटनमध्ये रस्ता ओलांडायच्या सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं अनेक वर्षं धरलं जात होतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका अभ्यासात ६५ वर्षांपुढच्या बहुतेकांचा चालण्याचा वेग त्याहून कमी निघाला. म्हणजे तुमची दहा मिनिटांची वाट आईला पंधरा मिनिटांची पडू शकते, आणि रस्ता ओलांडताना तिला जी धास्ती वाटते ती वेगळीच. वाढदिवसाच्या आधी एकदा एकट्याने जाऊन ती वाट चालून पाहा. बसायला कुठे जागा आहे, पायऱ्या किती आहेत, कठडा आहे का, स्वच्छतागृह कुठे आहे आणि ते उघडं असतं का, हे बघून ठेवा. स्वच्छतागृहाचं तर आवर्जून बघा. अनेक बायका बाहेर जायचं म्हटलं की सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि त्याबद्दल बोलतही नाहीत.

संग्रहालयात न्यायचं असेल तर एकच दालन निवडा. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाचे सचिव बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी १९१६ साली 'संग्रहालयाचा थकवा' या विषयावर लेख लिहिला होता. वस्तू नीट दिसाव्यात म्हणून माणसाला किती वाकावं लागतं, मान कशी तिरपी करावी लागते, याचे त्यांनी फोटोच काढून घेतले होते. आपल्याला वाटतं की तिथे नुसतं हळूहळू फिरायचं तर असतं. पण दोन पावलं चालायचं, थांबायचं, वाकायचं, पुन्हा दोन पावलं, यात कंबर आणि गुडघे रस्त्यावर चालण्यापेक्षा लवकर बोलू लागतात. आणि तिथे जायच्या आधी फोन करा. बरीच संग्रहालयं आठवड्यातून एक दिवस बंद असतात. बंद दारापर्यंत जाऊन परत फिरावं लागलं तर दिवसाचा सगळा उत्साहच ओसरतो.

आता त्या एका ठिकाणाबद्दल. स्मरणशक्तीवर काम करणाऱ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे: उतारवयातल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी त्याच्याकडून फार मोठ्या प्रमाणात येतात. म्हणून शहरातली सगळ्यात सुंदर जागा शोधत बसू नका, आईची विशीतली जागा शोधा.

बाबांच्या बहात्तराव्या वाढदिवसाला मी तेच केलं. त्यांची पहिली नोकरी होती त्या इमारतीपर्यंत आम्ही बसने गेलो, ते रोज जायचे त्याच रस्त्याने. मी खिडकी त्यांना दिली. अर्धा रस्ता ते गप्प होते, मग एकेका वळणावर सांगू लागले की इथे काय होतं, तिथे कोण राहायचं. ऑफिस कधीच उठून गेलेलं, दारावर दुसऱ्याच पाट्या. मी पहारेकऱ्याला विनंती केली, त्याने जिन्यापर्यंत जाऊ दिलं. जिन्याला जुना लाकडी कठडा होता, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. खालच्या बाजूला एक लांब रेघ कोरली गेली होती. बाबांनी तीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सायकलची चावी घासत उतरायचो मी." रेघ त्यांचीच होती की आणखी कुणाची, सांगता येणार नाही. पण तिथे पायरीवर बसून ते पाऊण तास बोलले. पहिला पगार हातात आला त्या संध्याकाळी सायकल हातात धरून चालत घरी गेले होते. मी विचारलं, का? तर म्हणाले, "लवकर पोचलो असतो तर तो आनंद लवकर संपला असता." एवढी वर्षं एका घरात राहून हे मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी दुसरीकडे फक्त जेवायला गेलो, बस्स.

जेवायची जागा शांत हवी, नाव मोठं नसलं तरी चालेल. वयानुसार ऐकू कमी येतं तेव्हा आधी बारीक, उंच आवाज हरवतात; स, श, फ यांसारखे वर्ण निसटतात, आणि मागे संगीत व भांड्यांचा खणखणाट असेल तर वाक्यच कळत नाही. मग माणूस नुसता हसून मान हलवतो. कोपऱ्यातलं टेबल मागा, गर्दीच्या वेळेआधी जा आणि उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल असे बसा, म्हणजे तिला तुमचे ओठ दिसतील. फोन पिशवीत ठेवा. फोटो दोन-तीन पुरेत.

दिवसाचा शेवट मात्र आधी ठरवून ठेवा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा १४ अंशाच्या थंड पाण्यात ६० सेकंद हात ठेवायला लावला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्या वेळात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेलं. पुन्हा कुठलं करायला आवडेल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला प्रकार निवडला, कारण त्याचा शेवट थोडा सुसह्य होता. म्हणून आई दमायच्या आधी थांबा. संध्याकाळच्या गर्दीत उभ्याने प्रवास घडू देऊ नका. परतीचं वाहन आधीच सांगून ठेवा आणि ऊन उतरताना अर्धा तास कुठेतरी नुसते बसा. तिला चार वाजताच घरी जावंसं वाटलं तर आग्रह न करता निघा.

सगळं गुपित ठेवून तिला चकित करायचं तुमच्या मनात आहे, तेही मी करणार नाही. तारीख आणि बेत तिला आठवडाभर आधी सांगा. ती चपला कुठल्या घालायच्या ते ठरवेल, मैत्रिणीला फोन करून सांगेल, वाट बघेल. तो आठवडाही तिच्या वाढदिवसाचाच आहे.

ठिकाण सुचत नसेल तर आज संध्याकाळी तिच्याशेजारी बसा आणि सहज विचारा, "आई, विशीत असताना तुम्ही मैत्रिणी कुठं जायचात गं?" आणि मग मधे न बोलता ऐका.