खुब्याचं दुखणं आणि रेडिएशन

प्रश्न : वय ६८. उजवा खुबा झिजलाय. विळीवरून उठताना जांघेत कळ येते, चिऱ्याच्या पायऱ्या चढवत नाहीत. मुलगा म्हणतो, कमी मात्रेचं रेडिएशन घे. घेऊ का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, घाबरू नका, ही कॅन्सरची मात्रा नव्हे. बहुधा ०.५ ग्रेचे (ग्रे म्हणजे रेडिएशनची मात्रा मोजायचं एकक) सहा डोस, मिळून ३ ग्रे. हेतू सूज शमवण्याचा. झिजलेली कूर्चा भरून येत नाही. जर्मनीत हे बरंच देतात. पण नेदरलँड्समध्ये गुडघ्यांवर आणि हातांवर खोट्या उपचाराशी तुलना झाली, तेव्हा ठोस फायदा दिसला नाही. म्हणून मी आधी हे सुचवणार नाही. विळी ओट्यावर घ्या. काठी डाव्या हातात धरा, दुखऱ्या बाजूला नव्हे; बहुतेक जण इथेच चुकतात. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिका. तरीही रात्री झोप मोडत असेल, तर सांधा बदलण्याबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांशी बोला.