भिशी लागली की पंधरा हजार भरू का?

ताई,
मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत, मराठी माध्यम. एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो, पाढे तोंडी घडाघडा म्हणतो. पण वाचायला बसवलं की घाम फुटतो. वहीत ‘पुस्तक’चं ‘पुतस्क’, वेलांट्या गायब, फळ्यावरची एखादी ओळ गाळलेली. बाई म्हणाल्या, डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन-लेखनातल्या अडचणीची, तपासणी करून घ्या, आणि एका खासगी केंद्राचं कार्ड दिलं. तिथे पंधरा हजार सांगतात. पुढच्या महिन्यात माझी वीस हजारांची भिशी लागतेय. नवरा म्हणतो, “मीही असाच होतो, काय अडलं माझं? पैसे उकळायचे धंदे आहेत.” बँकेचे फॉर्म अजून मीच भरते, ते सोडा. त्यांना न सांगता तपासणी करून घेऊ का?
– एक आई, डोंबिवली

ताई,
तपासणी कराच. पण पंधरा हजार लगेच मोजू नका आणि नवऱ्यापासून लपवूही नका.

पुढे दहावीला जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांची माफी अशा सवलती घ्यायच्या तर बोर्डाला सरकारने नेमलेल्या रुग्णालयाचंच प्रमाणपत्र लागतं. खासगी अहवाल कितीही जाडजूड असला, तरी त्या कामाचा नाही. हे पैसे घेण्याआधी सांगायला हवं, पण बरेच जण सांगत नाहीत. तुम्हाला शीवचं (सायनचं) लोकमान्य टिळक रुग्णालय सोयीचं, लोकलने सरळ. अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणींचा, विभाग तिथे वर्षानुवर्षं चालू आहे. शाळेचं पत्र, प्रगतिपुस्तकं आणि मुलाच्या वह्या घेऊन याच आठवड्यात नाव नोंदवून या. वह्या नीटनेटक्या करून नेऊ नका, लाल शेऱ्यांसकट न्या. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक असे तिघं बघतात, त्यामुळे एका फेरीत काम होत नाही. नंबर लागायलाही वेळ जातो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांमध्ये या प्रमाणपत्रासाठी आठ वर्षं पूर्ण असण्याची अट होती, त्याप्रमाणे मुलाचं वय बसतंय. डोळे आणि कान मात्र आधी जवळच्या दवाखान्यात तपासून घ्या. चष्म्याचा नंबर निघाला तर निम्मी चर्चा तिथेच बदलेल.

मग खासगीत कधी जायचं? सरकारी तारीख फारच लांबची मिळाली आणि तोवर त्याला कसं शिकवायचं हे बाईंना कळत नसेल, तर. तेव्हाही आधी फोनवर चौकशी करा. तपासणारे मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले आहेत का, नोंदणी क्रमांक काय? वाचन-लेखनाच्या चाचण्या मराठीतून घेणार का? हा प्रश्न सोडू नका. मराठीत शिकणाऱ्या मुलापुढे इंग्रजी उतारा ठेवून डिस्लेक्सिया ठरवणं हा शुद्ध अन्याय आहे, आणि सबबही राहिलेली नाही: मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाच्या चाचण्या २०१५ मध्येच आणल्या, त्यात मराठी आहे. अहवालात नुसते आकडे असणार की कसं शिकवायचं तेही असणार, बाईंशी बोलणार का, हेही विचारा. आणि कुणी बोटांच्या ठशांवरून मेंदू ओळखून देतो म्हणालं, तर फोन ठेवून द्या. त्याला शास्त्राचा काही आधार नाही.

भिशी राखून ठेवा, असं मी म्हणेन. तपासणीने मुलगा वाचायला लागत नाही, नेमकं कुठे अडतंय ते कळतं. खरा खर्च पुढे आहे: विशेष शिक्षकाकडे आठवड्यातून दोनदा, महिनोन्‌महिने. पंधरा हजार कागदावर घालवले, तर त्या शिकवणीला उरतात पाच. सरकारी तपासणी करून शिकवणीला वीस हजार राखलेत, तर मुलाच्या पदरात काहीतरी पडेल.

आता नवरोबा. डिस्लेक्सिया बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. त्यामुळे “मीही असाच होतो” हा तुम्हाला नकार वाटला, तरी तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तीच आहे. घरात आणखी कुणाला असं होतं का, हे डॉक्टर विचारणारच. त्याचं उत्तर तुमच्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे. कदाचित सासूबाईंकडेही. शाळेत त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं, हे एकदा निवांत विचारा, वाद चालू असताना नव्हे. फॉर्मचा विषय तर मुळीच काढू नका. स्वतःच्या मुलाला ‘दोष’ आहे म्हणणं म्हणजे त्यांना स्वतःवर शिक्का बसल्यासारखं वाटत असणार, म्हणून ते असे तुटून पडतात, असा माझा अंदाज आहे. पैशाची बोच तर शीवला नाव घातलंत की उरतच नाही. लपवून गेलात, तर पोरगं त्याच रात्री जेवताना सांगून मोकळं होईल आणि मग भांडण तपासणीवरून नाही, लपवण्यावरून होईल. उलट पहिल्या फेरीला त्यांनाच रजा टाकायला सांगा.

नंबर लागेपर्यंत घरात ‘चुकलेला शब्द दहा वेळा लिही’ बंद. रोज पंधरा मिनिटं तुम्ही मोठ्याने वाचा, त्याने ओळीवर बोट फिरवत ऐकायचं. वर्गात त्याला अचानक उभं करून वाचायला लावू नका आणि धड्यावरचे दोन प्रश्न तोंडी विचारा, एवढं बाईंना उद्या शाळा सुटताना भेटून सांगा. त्यासाठी कुठल्याच अहवालाची वाट बघायला नको.