शीर्षकातला ‘सोपवलेला’ हा शब्द आधी काढा

तुम्ही लिहिलंय की पीएच.डी.ची नोंदणी जानेवारीत झाली, सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, तीन आठवड्यांत द्यायचा आहे आणि शीर्षक ठरलंय ‘मराठ्यांनी पोर्तुगिजांना सोपवलेला दादरा-नगर हवेलीचा मुलूख आणि आंतरराष्ट्रीय न्यायालय’. गाइड म्हणतात नव्या अभ्यासपद्धती आणा. तुमचे प्रश्न तीन : पोर्तुगीज शिकू का, ‘ग्लोबल आयआर’ (आंतरराष्ट्रीय संबंधांची जगव्यापी मांडणी) घेऊ की वसाहतोत्तर मांडणी, आणि निबंध कुठे छापू. तिन्हींबद्दल पुढे लिहिते, पण सुरुवात तुम्ही न विचारलेल्या गोष्टीपासून करते, कारण शीर्षक वाचून मला माझंच जुनं दुखणं दिसलं.

आधीच सांगते, मी इतिहासाची, कायद्याची नाही. तालुक्याच्या कॉलेजात शिकवता शिकवता अर्धवेळ पीएच.डी. केली. प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे आणि शेवटचा शब्द तुमच्या गाइडचा. हे सगळं एका माणसाचा अनुभव म्हणून वाचा.

माझ्या शीर्षकात ‘सोपवलेला’ नव्हता, ‘हस्तांतरित केलेला’ होता. एका इंग्रजी पाठ्यपुस्तकात मराठ्यांनी हा मुलूख पोर्तुगालला देऊन टाकला अशा अर्थाचं वाक्य होतं, त्याचं मी भारदस्त मराठी केलं आणि सिनॉप्सिसच्या माथ्यावर चिकटवलं. निवाडा वाचला होता का? कायद्याच्या पुस्तकांत दोन देशांमधल्या स्थानिक रूढीसाठी जो उतारा देतात तेवढाच. दमणहून या गावांपर्यंत भारतातून जायच्या वाटेच्या हक्कासाठी पोर्तुगालने भारताविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला लढवला, त्याचा १२ एप्रिल १९६० चा अख्खा निवाडा वाचला तो नोंदणीनंतर वर्षाने, दिवाळीच्या सुट्टीत. आणि फराळाचं ताट बाजूला राहिलं.

कारण हेगच्या न्यायालयाने नेमकं उलट म्हटलंय. पोर्तुगालचा दावा होता की १७७९ च्या तहाने आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी सार्वभौमत्व आपल्याकडे आलं. न्यायालयाने १७व्या कलमाचे समोर ठेवलेले वेगवेगळे पाठ तपासले आणि सांगितलं, यातून सार्वभौमत्व दिल्याचं दिसत नाही. भारताने मराठ्यांचे दुसरे तह दाखवले. मुलूख खरंच कायमचा द्यायचा असेल तेव्हा मराठे तसे स्पष्ट शब्द वापरत, इथे ते नाहीत. सनदांमध्ये शब्द आहेत जहागीर आणि सरंजाम. बारा हजार रुपये वसुलाची गावं, म्हणजे महसूल खायचा हक्क. आपल्याकडे सरंजाम म्हणजे काय हे शाळेतल्या पोरालाही ढोबळमानाने माहीत असतं, तरी मी ‘हस्तांतरित’ लिहून बसले होते.

बरं, म्हणून पोर्तुगाल हरला असंही नाही, आणि इथेच विषयाची खरी गंमत आहे. न्यायालय म्हणतं, मराठ्यांच्या जागी इंग्रज आले तेव्हा त्या गावांत पोर्तुगिजांचाच पूर्ण कारभार चालू होता. इंग्रजांनी मराठ्यांचे वारस म्हणून त्यावर हक्क सांगितला नाही, आहे ते चालू दिलं. पुढे स्वतंत्र भारतानेही तेच केलं. म्हणजे सार्वभौमत्व कोणी कोणाला दिलंच नाही, ते दुर्लक्षातून हळूहळू साचत गेलं. तुमचा प्रबंध या ‘साचण्या’वर उभा राहू शकतो. ‘सोपवलेला’ म्हटलं की तो पहिल्याच ओळीत आडवा होतो, आणि बहिःस्थ परीक्षकाने निवाडा वाचलेला असला तर मौखिकीत तुमचं काही खरं नाही.

आता ज्यात माझी सगळ्यात जास्त वर्षं गेली ते. चूक कळल्यावर मी शीर्षकबदलाचा अर्ज केला. एक शब्द. ‘हस्तांतरित केलेला’ काढून ‘सरंजामी’. अर्जावर गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, संशोधन केंद्राची सही, मग विद्यापीठातला एक विभाग. विद्यापीठाचं नाव घेत नाही, तिथले दोघे-तिघे खरोखर भले होते. टेबलावरच्या गृहस्थांनी अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “मॅडम, शब्द बदलला म्हणजे विषय बदलला. आरआरसीत जावं लागेल.” आरआरसी म्हणजे संशोधनाच्या विषयांना मान्यता देणारी समिती, तिची बैठक सहा महिन्यांनी. पहिल्या बैठकीत कोरम झाला नाही. दुसऱ्या बैठकीच्या आधी कळलं की माझा अर्जच सापडत नाही. तुमच्याकडे आवक क्रमांक असेल ना, असं विचारलं. नव्हता. ओळखीच्या माणसाच्या हातात अर्ज देऊन आले होते, पोच घेतली नव्हती. ही चूक माझी, विभागाच्या माथी मारत नाही. पण एका शब्दासाठी चौदा महिने? त्या चौदा महिन्यांत माझे गाइड निवृत्त झाले. नवे गाइड शोधायचे तर ज्यांचा विषय जवळचा त्यांच्या जागा भरलेल्या. शेवटी राज्यशास्त्राच्या एक मॅडम तयार झाल्या, त्यांना मोडी येत नव्हती आणि मला त्यांचे सिद्धांत. मग मंजुरीचं पत्र आलं. मराठी शीर्षक बदललेलं, खाली इंग्रजी शीर्षक जुनंच! आणखी चार महिने.

त्या काळात एका ज्येष्ठ सरांनी सांगितलं होतं, शीर्षक राहू दे तसंच, पहिल्या प्रकरणात तोच शब्द कसा चुकीचा ते लिही. मला ते कमीपणाचं वाटलं. आज वाटतं, सर बरोबर होते बहुतेक. पण तुमच्याकडे अजून तीन आठवडे आहेत, तुमच्यावर ती वेळ यायचं कारण नाही. माझा नियम असा झालाय : शीर्षकात क्रियापद नको, क्रियापदापासून केलेलं विशेषणही नको. कागदाचं नाव, ठिकाण, साल, बस. ‘१७७९ चा तह, दोन सनदा आणि १९६० चा निवाडा : दादरा-नगर हवेली’ असं काहीतरी. रुक्ष दिसेल. दिसू दे. दावा आत करा.

आता भाषांचं. मोडी आधी, पोर्तुगीज नंतर. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग होतात, तिथे अक्षर बसतं. पण खरं शिकणं पुण्यात पेशवे दफ्तराचा रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचं कापडी बासन, उघडल्यावर. शब्द तोडलेले नसतात, लेखणी न उचलता ओळ पुढे जाते, आणि तारीख अरबी अंकनामांत येते. ‘समानीन मया व अलफ’ म्हणजे ऐंशी, शंभर, हजार, म्हणजे सुहूर सन ११८०. त्यात ५९९ मिळवा, १७७९. पण हे साल मृगाला बदलतं, त्यामुळे जानेवारी ते मेचा कागद असेल तर ६०० मिळवायचे. हे विसरून मी एक पत्र वर्षभर मागे टाकलं होतं आणि त्यावर अख्खा परिच्छेद रचला होता.

आणखी एक, मोबाइलने फोटो काढायची परवानगी मिळाली तर पहिला फोटो रुमालावरच्या चिठ्ठीचा, मग कागदाचा. घरी आल्यावर दोनशे सुंदर फोटो आणि एकाचाही रुमाल क्रमांक नाही, हे मी दोनदा केलंय.

पोर्तुगीज बोलता यायची गरज नाही. शब्दकोश घेऊन अठराव्या शतकातलं सरकारी पत्र लावता आलं की झालं, त्यांचीही वाक्यं आपल्या जुन्या अर्जांसारखीच नमस्कार-चमत्काराची असतात. पणजीच्या पुराभिलेखागारात ‘रेइस विझिन्युस’, म्हणजे शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या वह्या आहेत. लिस्बनला जायचं स्वप्न बघण्याआधी त्या बघा. तहाचा पोर्तुगीज पाठ बीकर यांच्या तहसंग्रहात छापलेला आहे, चौदा खंड, १८८१ ते १८८७. आणि दोन्ही देशांनी हेगला सादर केलेले युक्तिवाद न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. मोतीलाल सेटलवाड भारताकडून उभे होते, भारताने नेमलेले तदर्थ, म्हणजे तेवढ्या खटल्यापुरते, न्यायाधीश होते आपले चागला, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश. त्यांचं भिन्नमत जरूर वाचा. निवाड्यातली मतांची विभागणीही नीट लिहून ठेवा, कारण मराठी लेखांत ‘भारत जिंकला’ एवढंच येतं. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाटेचा हक्क होता, ११ विरुद्ध ४. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं यांना नव्हता, ८ विरुद्ध ७. भारताने जबाबदारी मोडली नाही, ९ विरुद्ध ६. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर आज आपण हा विषय वेगळ्या सुरात शिकवला असता.

आपल्याकडे या विषयावर कोणीही बोलायला उठलं की सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे हा मुलूख पोर्तुगिजांकडून सोडवणाऱ्या १९५४ च्या मोहिमेत होते, तिथे भाषण सुरू होतं आणि तिथेच संपतं. अभिमान मलाही आहे. पण ऑगस्ट १९५४ ते ऑगस्ट १९६१ अशी सात वर्षं तिथे वरिष्ठ पंचायत कारभार करत होती, ना पोर्तुगाल ना भारत, आणि विलीनीकरणाच्या करारावर सही करायला बदलानी नावाच्या भारतीय अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं पंतप्रधान केलं गेलं. आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगलं प्रकरण कुठे मिळणार? तुमच्या आराखड्यात तिसऱ्या प्रकरणात गोव्याचा डिसेंबर १९६१ पण आहे. काढा तो. तिथे सैन्य गेलं, सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकार वापरला गेला, कायद्याचा प्रश्नच निराळा. दोन्ही एकत्र घातले तर दोन्ही वरवरचे होतील.

गाइडच्या ‘नव्या पद्धतीं’बद्दल. इथे माझं मत थोडं तिरकं आहे, सोडून द्यावंसं वाटलं तर सोडा. अमिताव आचार्यांनी २०१४ मध्ये ‘ग्लोबल आयआर’ची मांडणी केली, की हा विषय पाश्चात्त्यांच्या अनुभवावरच उभा आहे, बाकी जगाचा इतिहास आत आणा. पटतं. पण त्यानंतर आलेल्या कितीतरी निबंधांत बाकी जगाचा इतिहास आणा, आणा, असं वीस पानं म्हटलेलं असतं आणि एकही कागद आणलेला नसतो. तुमच्याकडे कागद आहेत. मला जास्त उपयोग झाला तो अँटनी अँघी आणि बी. एस. चिमणी यांच्या, आंतरराष्ट्रीय कायद्याकडे ‘तिसऱ्या जगाच्या’ दृष्टीने बघणाऱ्या मांडणीचा, आणि त्याआधीच्या अलेक्झांड्रोविच यांचा. हे मूळचे पोलंडचे, १९५० च्या दशकात मद्रास विद्यापीठात शिकवत. एकोणिसाव्या शतकाआधी आशियाई राज्यं राष्ट्रांच्या कायद्याच्या बाहेर नव्हती, युरोपीय सत्ता त्यांच्याशी बरोबरीने तह करत होत्या, असं त्यांचं म्हणणं. अनेक वर्षं फार कोणी विचारलं नाही, २०१७ मध्ये निबंध पुन्हा छापले गेले आणि आता सगळे त्यांचा दाखला देतात. निवाड्यातलं एक वाक्य यांच्याशेजारी ठेवून बघा : अठराव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशातला हिंदुस्थानातला तह वैध की अवैध हे नंतर रुळलेल्या पद्धतींवरून ठरवू नये, आणि मराठ्यांनी स्वतः तो बंधनकारक मानला होता. म्हणजे एकीकडे पेशव्यांचा दरबार तह करणारा पक्ष म्हणून न्यायालयाने मान्य केला, दुसरीकडे त्याच दरबाराचा ‘सरंजाम’ हा शब्द पोर्तुगालच्या दाव्यावर उलटला. सिद्धांताचं एक प्रकरण पुरे, बाकी हे करा.

निबंध छापण्याबद्दल थोडक्यात. २०२२ च्या यूजीसी नियमांत प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापायची सक्ती काढली, आणि यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली. तरी काही विद्यापीठं आपापल्या अटी ठेवून आहेत, तेव्हा तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक लेखी मागा, तोंडी नको. पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्यांच्या नादी लागू नका. माझा एक निबंध अशा ठिकाणी आहे, अजून बायोडेटात लिहायला लाज वाटते. परदेशी नियतकालिकांसाठी सरकारी संस्थांना ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही सामायिक वर्गणीची योजना आहे, तुमच्या ग्रंथपालांना विचारा, बऱ्याच ठिकाणी लॉगिन पडून असतं आणि कोणी मागत नाही.

शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, या विषयाचे आधीचे प्रबंध चाळा, पण मुख्यतः ते ‘सोपवलेला’ लिहितात की नाही ते बघायला. एकाने लिहिलं की पुढच्या सगळ्यांनी उचललं, असं मला तरी दिसलं.

सिनॉप्सिस देताना दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊनच टेबल सोडा. इंग्रजी शीर्षक स्वतः टाइप करून द्या, त्यांच्याकडे भाषांतर सोपवू नका. (हा शब्द मात्र इथे बरोबर आहे.) नवं शीर्षक ठरलं की इथेच लिहा. सोमवार-मंगळवार माझी परीक्षेची ड्युटी आहे, बुधवारी संध्याकाळी बघून सांगते. सनदेची मोडी प्रत मिळाली असेल आणि कुठे अक्षर अडलं असेल तर तेवढ्या ओळीचा फोटो टाका, रुमाल क्रमांकासकट.