पॉपअप जातच नाहीत? आधी नोटिफिकेशन बघ

भो, फॉरमॅट मारायला लगेच सीपीयू उचलून जळगावला पळू नको. कोपऱ्यात ते "पीसीत व्हायरस सापडले" येतं ना, ते बहुतेक वेळा व्हायरस नसतंच, कुठल्यातरी फुकट पिक्चरच्या साइटवर घरात कोणीतरी नोटिफिकेशनला अलाउ दाबलेलं असतं, क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघड न् अनोळखी साइट सगळ्या काढून टाक. मग एक्स्टेन्शन बघ, म्हणजे क्रोमला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, त्यातलं कूपनवालं आधी उडव. तरी परत आलंच तर विंडोज सिक्युरिटीतून डिफेंडरचा (विंडोजचाच अँटीव्हायरस) ऑफलाइन स्कॅन लाव, पीसी रीस्टार्ट होतो न् विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासतो म्हणून लपलेलं पण सापडतं, साधारण १५ मिनिटं लागतात, लाईट जायची वेळ तेवढी टाळ. स्क्रीनवरच्या नंबरला फोन मात्र करायचा नाही, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या मेसेजमध्ये फोन नंबर नसतोच.