बोलावं लागणार नाही अशी शाखा

ऐरोलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा बारावी सायन्स, ७३ टक्के, सीईटीला ८६ पर्सेंटाइल. घरात व्यवस्थित बोलतो, चारचौघांत तोंडातून शब्द फुटत नाही. पाहुणे आले की आतल्या खोलीत. वर्गात प्रोजेक्ट सांगायचा दिवस आला की पोटात दुखतं, असं दोन वर्षांत तीनदा झालं. वडील विचारतात, ‘कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घालावं म्हणतो, तिथे माणसांशी बोलावं लागत नाही. कोणतं कॉलेज घ्यावं? भीड चेपावी म्हणून व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासचे बावीस हजार भरले, तो दोन दिवस गेला आणि बंद. आता काय करावं?’

नमस्कार.

कॉलेजकडे येते, पण आधी गणपतीचं बोलू. तुम्ही ते तीन ओळींत उरकलंय आणि मी तिथेच अडकले आहे. सोसायटीच्या गणपतीत, त्याला न सांगता, तुम्ही माइकवरून त्याचं नाव पुकारायला लावलंत. ‘आता आमचे चिरंजीव दोन शब्द बोलतील.’ तो उठला, माइक हातात घेतला आणि तसाच उभा राहिला. मग मंडपामागे जाऊन ओकला. त्यानंतरचं तुमचं वाक्य आहे, ‘शंभर माणसांत माझं नाक कापलं.’

अहो, ओकला तो. आणि नाक तुमचं?

मला त्या प्रसंगात दुसरंच दिसतं. तो माइकपर्यंत गेला. पोटात एवढा गोळा आलेला असताना जागेवर बसून राहणं सोपं होतं. तरी उठला, कारण नाव वडिलांनी घेतलं होतं. त्याची किंमत त्याला काय पडली तेही तुम्हीच लिहिलंय. तेव्हापासून तो आरतीला खाली उतरत नाही आणि कचरा टाकायला रात्री अकरानंतर जातो. पाण्यात ढकललं की पोहायला येतं, ही आपल्याकडची लाडकी समजूत. ढकललेली किती पोरं पुन्हा विहिरीकडे फिरकली नाहीत, ते कोणी मोजत नाही.

लाजाळू मुलं पुष्कळ असतात. नव्या जागी गप्प बसतात, तासाभराने रुळतात. काहींना मुळात माणसांचा गोतावळाच नको असतो, ती एकटी मजेत असतात. ही दोन्ही माणसं ठणठणीत. तुमच्या मुलाचं मात्र मला वेगळं वाटतं. आठ-आठ दिवस आधीपासून धास्ती, ऐनवेळी छातीत धडधड आणि तोंडाला कोरड, नंतर रात्रभर ‘लोक काय म्हणाले असतील’ याची उजळणी, आणि या सगळ्यापायी शाळा-कॉलेज चुकवणं. असं सहा महिन्यांहून जास्त चालू असेल तर त्याला सोशल अँक्झायटी म्हणतात. ती बहुधा याच वयात सुरू होते. पत्रावरून निदान करायचा मला अधिकार नाही, मी डॉक्टर नव्हे. पण दाखवून घ्या, एवढं ठामपणे सांगते.

ही भीती टिकते कशी, तेही समजून घ्या. तो स्टेशनवरून शेअर रिक्षाने येतो आणि ‘इथे थांबवा’ म्हणता येत नाही म्हणून दोन स्टॉप पुढे उतरून चालत येतो, असं तुम्ही हसत हसत लिहिलंय. न बोलता सुटलो की त्याला हायसं वाटतं. ते हायसं वाटणंच घात करतं, कारण मेंदू शिकतो की गप्प राहिलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी मोठी. तुम्ही त्याच्या वतीने बोललात की तेच होतं. आणि ‘तो जरा घुमाच आहे हो’ अशी त्याची ओळख करून दिलीत की शिक्काही बसतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. कॉम्प्युटरवाल्यांना माणसांशी बोलावं लागत नाही, हा गैरसमज कुठून आला कोण जाणे, पण दर उन्हाळ्यात पाच-सहा पालक तो घेऊन येतात. इंजिनिअरिंगला ओरल असतात, सेमिनार असतो, शेवटच्या वर्षी बाहेरच्या परीक्षकासमोर प्रोजेक्ट उभं राहून समजावायचा असतो. नोकरीच्या वेळी ग्रुप डिस्कशन, मग मुलाखत. तुमच्या ऐरोली स्टेशनशेजारच्या माइंडस्पेस या आयटी पार्कमध्ये जी हजारो मुलं रोज शिरतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचा दिवस एका छोट्या मीटिंगने सुरू होतो. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं, हे प्रत्येकाने सांगायचं. दुपारनंतर परदेशातल्या ग्राहकाचा कॉल. बोलावं लागत नाही अशी शाखाच नाही. लॅब टेक्निशियनलाही सुई टोचताना ‘मूठ आवळा’ म्हणावं लागतं. कॉम्प्युटर त्याला आवडत असेल तर जरूर घालावं. पण लपायला जागा म्हणून घेतलेली शाखा दुसऱ्या सेमिस्टरला अंगावर येते.

कॅप राउंडचे, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीतले, कॉलेजांचे पर्याय कसे भरायचे, हे मी लिहीत नाही. का, ते शेवटी.

डॉक्टरांचं तुम्ही आधीच खोडून ठेवलंय. ‘आम्ही ठाण्याजवळचे, त्या हॉस्पिटलवरून काय बोलतात तुम्हाला ठाऊक आहे.’ ठाऊक आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं आणि त्याच्यावरचे विनोदही तितकेच जुने. पण तिथल्या बाह्यरुग्ण विभागात लोक तपासून घेतात, औषध घेतात आणि संध्याकाळच्या आत घरी येतात. तिथे जायला मन धजत नसेल तर ठाण्यातच १९९० पासून मानसिक आरोग्यासाठी काम करणारी आयपीएच ही संस्था आहे. तेही नको तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलतात. पहिला फोन तुम्ही करा. ज्याला फोनचीच भीती त्याला ‘हेल्पलाइनला फोन कर’ सांगणं ही थट्टा होईल. राहता राहिली नोंद होण्याची भीती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय ठेवायचा हक्क रुग्णाला दिलेला आहे. कॉलेज किंवा कंपनीपर्यंत ती आपोआप पोहोचत नाही.

उपचार म्हणजे बहुतेकदा बोलणं आणि सराव. मनात येणारे विचार तपासायचे आणि भीतीच्या पायऱ्या एकेक करून चढायच्या. गोळ्या लागल्याच तर मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. तुम्ही म्हणाल, गणपतीत आम्ही तेच केलं की! नाही. इथे पायरी तो निवडतो, ती त्याला झेपेल एवढीच असते, आणि ती दहा वेळा झाल्यावर पुढची. रिक्षात ‘थांबवा’. मग मेडिकलवाल्याला एक प्रश्न. मग कॉलेजच्या ऑफिसात जाऊन बोनाफाइड मागणं. स्टेज कदाचित तीन वर्षांनी येईल, कदाचित येणारच नाही. मी स्वतः वीस वर्षं सभागृहांत बोलते आहे आणि आजही पहिली पाच मिनिटं हात गार असतात. पालकांना ते दिसत नाही, इतकंच.

आता शेवटचं. तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय, ‘बिल्डिंगमधल्या चार मुलांचे प्रवेशाचे फॉर्म याने भरून दिले, स्वतःचं मात्र काही ठरत नाही.’ हे वाक्य पुन्हा वाचा. कोणतं कॉलेज आधी टाकायचं, जातीचा दाखला आहे का, उत्पन्नाचा कधी काढला, हे त्याने त्या चौघांना विचारलंच असणार. त्यांच्या आयांनाही. म्हणजे हातात काम असलं आणि समोर एकच माणूस असलं की तो बोलतो. मला तो मुखदुर्बळ वाटत नाही. पर्यायांचा क्रम त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला कळतो, तेव्हा स्वतःचा फॉर्मही त्यालाच भरू द्या. यादीत कॉम्प्युटर सोडून काही निघालं तर ‘का’ विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. पाच मिनिटं लागली तरी. दोन पानांच्या पत्रात त्याला काय आवडतं हे कुठेच नव्हतं, म्हणून सांगते.

आणि त्या क्लासकडे बावीस हजार परत मागा. फोन मात्र तुम्हीच करा.