काउंटी शेरीफ निवडताना मतदाराने काय पाहावं?

तुम्ही लिहिलंय की नुकतंच अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) राहता, आणि इथे शेरीफसुद्धा मतदानाने निवडतात हे आत्ताच कळलं. मग त्याला मत द्यायचं तरी कशावरून? मी याच काउंटीत बरीच वर्षं मतदान करतोय, म्हणून इथलंच सांगतो.

आधी मुंबईचा शेरीफ डोक्यातून काढा. तिथला नगरपाल हे मानाचं पद आहे. दिलीपकुमार, गावसकर यांनी ते भूषवलं. नेमणूक सरकार करतं, हाती सत्ता नसते. इथला शेरीफ आपल्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाच्या जवळपास जातो, पण एसपीची बदली होते आणि शेरीफची बदली करणारा कोणी वरिष्ठ नसतो. काउंटीचं बोर्ड ऑफ सुपरवायझर्स, म्हणजे काउंटीचा कारभार पाहणारं निवडून दिलेलं मंडळ, त्याच्या खात्याला पैसे मंजूर करतं, पण तपास कसा करायचा हे त्याला सांगू शकत नाही. त्याचे वरिष्ठ आपण, आणि तेही काही वर्षांतून एकदाच.

दुसरी गोष्ट, आपल्या भागात गस्त कोण घालतं ते पाहा. सॅन होजे, सनीव्हेल यांची स्वतःची पोलीस व्यवस्था आहे. क्युपर्टिनो, साराटोगा, लॉस आल्टोस हिल्स ही शहरं मात्र शेरीफच्या खात्याला कंत्राट देतात. तिथे ९११ फिरवल्यावर शेरीफचाच माणूस दारात येतो. सनीव्हेलमधले माझे मित्र म्हणतात, ‘मग आम्हाला काय त्याचं?’ मला हे अजिबात पटत नाही, कारण शेरीफचं सर्वांत मोठं काम गस्त नव्हे, तुरुंग आहे. शहराच्या पोलिसांनी पकडलेला माणूसही शेवटी त्याच्याच तुरुंगात जातो.

मिल्पिटासच्या ग्रेट मॉलमध्ये आपण सगळे जातो. तिथून जवळच एल्मवुड तुरुंग आहे. दुसरा, मुख्य तुरुंग सॅन होजेत. आत असलेल्यांपैकी बहुतेकांवरचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नसतो. कोणाला जामीन परवडत नाही, कोणी तारखेची वाट बघत असतो. कितीतरी जण मानसिक आजारी असतात. २०१५ मध्ये मुख्य तुरुंगात असाच एक कैदी, उपचार केंद्रात जागा मिळायची वाट बघत असताना, मारहाणीत मेला. त्या खुनाचा खटला तुरुंगाच्याच तीन रक्षकांवर चालला. ती बातमी वाचून मी हादरलो होतो, आणि तरी २०१८ च्या मतपत्रिकेत शेरीफच्या चौकटीत ओळखीचं नाव दिसलं म्हणून त्यापुढचा गोल भरून मोकळा झालो. ते मत मला अजून सलतं.

ते नाव होतं लॉरी स्मिथ. १९९८ पासून त्याच निवडून येत होत्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिवाणी खटल्यात ज्यूरीने त्यांना गैरवर्तनाबद्दल दोषी ठरवलं. निकालाच्या काहीच दिवस आधी त्यांनी राजीनामा दिला होता. मुख्य मुद्दा होता छुपी बंदूक बाळगायच्या परवान्यांचा. ते शेरीफ देतो, आणि निवडणुकीला देणग्या देणाऱ्यांना ते सहज मिळत होते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परवान्याबाबतची शेरीफची मनमानी बरीच कमी झाली, पण देणगीदारांची यादी पाहायची सवय सोडू नका. ती सार्वजनिक असते. विशेषतः डेप्युटींच्या, म्हणजे शेरीफच्या हाताखालच्या पोलिसांच्या, संघटनेने कोणाला किती दिलं ते बघा, कारण उद्या त्याच डेप्युटींवर शिस्तीची कारवाई करायची वेळ या माणसावर येणार आहे.

मतपत्रिकेवरून फारसं काही कळत नाही. कॅलिफोर्नियात हे पद पक्षविरहित आहे. नावाखाली फक्त तीन शब्दांत व्यवसाय छापलेला असतो. टेक्सास किंवा नॉर्थ कॅरोलायनात नातेवाईक असतील तर त्यांचा अनुभव वेगळा, तिथे पक्ष लिहिलेला असतो. पोलिसी अनुभवाची अट आपल्याकडे कायद्यातच आहे, त्यामुळे ‘तीस वर्षांची सेवा’ एवढ्याने भारावून जाऊ नका. सगळ्याच उमेदवारांकडे ती थोडीफार असते. सभेत किंवा ऑनलाइन चर्चेत प्रश्न विचारायची संधी मिळाली तर तुरुंगातले मृत्यू, मानसिक आजारी कैदी आणि बाहेरच्या देखरेखीबद्दल विचारा. सुटणाऱ्या कैद्याची खबर इमिग्रेशन खात्याला देणार का, हेही विचारा; राज्याच्या २०१७ च्या कायद्याने त्यावर मर्यादा घातल्या असल्या तरी काही बाबतींत निर्णय शेरीफच्या हातात उरतो.

उद्या दुसऱ्या काउंटीत घर घेतलंत तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. राज्याच्या बहुतेक काउंट्यांत शेरीफच कॉरोनरही असतो, म्हणजे पोलिसांच्या हातून मेलेल्या माणसाच्या मृत्यूचं कारणही तोच नोंदवतो. ट्रेसी, माउंटन हाउस ज्या सॅन वाकीन काउंटीत येतात, तिथे २०१७ मध्ये शवविच्छेदन करणारे डॉ. बेनेट ओमालू यांनी शेरीफ शवविच्छेदनाच्या निष्कर्षांत ढवळाढवळ करतात असा आरोप करून राजीनामा दिला, आणि पुढच्या वर्षी तिथल्या बोर्डाने ती जबाबदारी शेरीफकडून काढून घेतली. सांता क्लारात हे काम आधीच वेगळं केलेलं आहे.

चुकीचा माणूस निवडला तर तो सहज निघत नाही. शेजारच्या सॅन मटेओत शेरीफला हटवायचा अधिकार बोर्डाला देण्यासाठी मार्च २०२५ मध्ये खास मतदान घ्यावं लागलं, आणि प्रत्यक्ष हकालपट्टी व्हायला ऑक्टोबर उजाडला.

आपल्याकडे २०२२ मध्ये निवडलेल्या शेरीफची मुदत नव्या कायद्यामुळे सहा वर्षांची झाली आहे, कारण पुढची निवडणूक अध्यक्षीय निवडणुकीबरोबर, २०२८ मध्ये आहे. नोव्हेंबरच्या अंतिम मतदानाच्या भरवशावर राहू नका. प्राथमिक फेरीत कोणाला निम्म्याहून जास्त मतं पडली तर निकाल तिथेच लागतो, म्हणून त्या वर्षी मार्चमध्ये टपालाने येणारी मतपत्रिका बाजूला टाकू नका.